माझ्या मशीनवर इन्स्टॉलर नीट चालतो, ग्राहकाकडे का अडतो?

तुमच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) आहे ना, कारण बहुधा तेच. त्याच्यासोबत व्हिज्युअल सी++चं रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणाऱ्या डीएलएल फाइल्सचा संच, आधीच येऊन बसलेलं असतं. ग्राहकाच्या कोऱ्या विंडोजवर ते नसलं की 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल' ही त्यातली फाइल सापडत नाही म्हणून प्रोग्राम उघडतच नाही. हे रनटाइम बसवणारं रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज इन्स्टॉलरमध्येच घाला.

चाचणीला विंडोज सँडबॉक्स घ्या, म्हणजे विंडोजच्या आतच उघडणारं तात्पुरतं कोरं विंडोज. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइजमध्ये तो मिळतो, बंद केला की सगळं पुसलं जातं. पण त्यातला यूजर अ‍ॅडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेला असतो. साध्या यूजरची चाचणी व्हर्च्युअल मशीनवरच (सॉफ्टवेअरने तयार केलेल्या कॉम्प्युटरवर) करा: नुसतं विंडोज टाकून स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे ती स्थिती जतन करायची, आणि दर वेळी तिथूनच सुरुवात करायची. त्या मशीनवर सोयीसाठी म्हणून एकही टूल टाकू नका, कळकळीने सांगतो. तेच टूल गुपचूप रनटाइम घेऊन येतं आणि चाचणी फुकट जाते.

एकदा नेट बंद करूनही बघा. यूजरचं नाव देवनागरीत ठेवून तर नक्कीच, आपल्याकडे पाथ (फाइल-फोल्डरचे पत्ते) तिथेच फुटतात. आणि 'इन्स्टॉल झालं' एवढ्यावर थांबू नका, प्रत्येक मेनू उघडा. काही डीएलएल गरज पडल्यावरच लोड होतात.