मातीकामातले प्रश्न: भांड्याचं पोट आतून घडतं

गेल्या वेळी चाकाशिवाय, नुसत्या हातांनी पोकळ भांडी कशी उभी करायची याबद्दल लिहिलं होतं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरेच प्रश्न आले. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत. सध्या पावसाळा ऐन भरात असल्यामुळे निम्म्या तक्रारी वाळण्याच्याच आहेत.

प्रश्न: ताई, मी घोडबंदर रोडला राहते. मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून मोठं भांडं करते आहे. फूटभर उंची झाली की पोट खाली बसतं आणि एका बाजूला फुगवटा येतो. माती बदलू का?

उत्तर: माती तूर्त बदलू नका. तुम्ही पुढे लिहिलं आहे की रविवारी एकाच बैठकीत सगळं भांडं चढवता. पोट बसतं ते तिथेच. ओल्या भिंतीवर ओली भिंत चढवत गेलो की खालच्या भागाला स्वतःचंच वजन पेलत नाही, मग वरचं कुठून पेलणार? चार बोटं चढवायचं, थांबायचं. खालचा भाग असा झाला पाहिजे की नखाने ओरखडा उठतो पण बोटाने दाबलं तर खळगा पडत नाही. स्टुडिओत याला लेदर-हार्ड म्हणतात, मी पुढे नुसतं चिवट म्हणेन. तेवढं झालं की पुढची चार बोटं.

ठाण्यात जुलैमध्ये याला अख्खा दिवस लागतो, कधी दोन. हेअर ड्रायर वापरायला हरकत नाही, पण भांडं सतत फिरवत ठेवा आणि झोत आतूनही द्या. एकाच बाजूला धरलात तर ती बाजू आधी आकसते आणि भांडं तिकडे झुकतं. या काळात वरची कड मात्र ओलीच राहिली पाहिजे, कारण उद्याची वळी तिच्यावर बसायची आहे. जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी भिजवून, पिळून कडेवर गुंडाळा आणि त्यावर प्लास्टिक लावा.

आता वळीबद्दल. कडबोळी वळतो तशीच वळायची, पण करंगळीपेक्षा थोडी जाड, साधारण दीड सेंटिमीटर. ती दाबून भिंत आठ ते दहा मिलिमीटरची होते. फूट-दीड फुटाच्या भांड्याला तेवढी पुरते. कडेवर कंगव्याने ओरखडे पाडा, मातीची दाट रबडी म्हणजे स्लिप लावा, वळी बसवा. मग आतून अंगठ्याने वरची माती खाली ओढायची आणि बाहेरून खालची वर. दोन्हीकडून ओढलेला सांधा सहसा सुटत नाही. वळीची दोन टोकं जिथे मिळतात ती जागा प्रत्येक थरात वेगळी ठेवा. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसंच.

पोट फुगवायचं असेल तर वळ्या भराभर बाहेर ढकलू नका. हवं त्यापेक्षा थोडं अरुंद भांडं उभं करा. ते निम्मं चिवट झालं की आतून नारळाच्या करवंटीची पाठ लावून हळूहळू बाहेर दाबा आणि बाहेरून लाकडी थापीने ठोका. आपले कुंभार चाकावरून उतरवलेलं जाड मडकं आत गोटा धरून थापीने ठोकत मोठं करतात, त्याचंच हे लहान रूप. माती दाबली जाते, दाट होते, भिंत पातळ होऊनही घट्ट राहते. कान देऊन ठोका. माती फार ओली असेल तर थापी चिकटते आणि दबका आवाज येतो. बरोबर वेळ आली की थापी मोकळी उठते आणि आवाज भरीव येतो. हा फरक दोन-तीन भांड्यांत हाताला कळतो.

खांद्यापाशी, जिथे भिंत आत वळायला लागते, तिथे वेग आणखी कमी करा. एका बैठकीत दोन वळ्या, फार तर तीन. वळी कडेच्या आतल्या बाजूला बसवा आणि तिचा घेर कडेपेक्षा थोडा लहान ठेवा. खांदा म्हणजे आधाराशिवाय पुढे आलेलं छप्परच. ते सगळ्यात आधी बसतं.

प्रश्न: खारघरहून लिहितो. मी माशाच्या आकाराचं बंद, पोकळ शिल्प केलं होतं. भट्टीत त्याचे तुकडे झाले. सगळे म्हणतात, आत हवा अडकली होती. पण मी सुईने भोक पाडलं होतं!

उत्तर: हवेवर हा आळ फार जुना आहे. पोकळीतली हवा तापली की प्रसरण पावते हे खरं, पण कच्ची माती सच्छिद्र असते, हवा तिच्यातून वाट काढते. भांडं फोडते ती वाफ. भिंतीच्या आत उरलेलं पाणी १०० अंशांना वाफ होतं, तिला पाण्यापेक्षा कितीतरी पट जागा लागते. भिंत जाड असेल आणि तापमान भराभर चढत असेल तर तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

तुमच्या फोटोत फुटलेले तुकडे डोक्याजवळचे आहेत, बारीक आहेत आणि कपच्यांसारखे उडालेले आहेत. तिथेच माती दोन सेंटिमीटर जाड असल्याचं तुम्ही लिहिलंय. ही वाफेची खूण आहे. याउलट एकच लांब, स्वच्छ चीर असती आणि तिच्या कडा धारदार असत्या, तर भांडं थंड होताना तडकलं असं मी म्हटलं असतं. क्वार्ट्झ ५७३ अंशांना आपली रचना बदलतो आणि त्याचा आकारही किंचित बदलतो. त्या टप्प्यातून भट्टी सावकाश गेली नाही तर मोठी भांडी चिरतात. म्हणून तुकडे कधी लगेच टाकू नका. गोळा करून जुळवून बघा, भट्टीने काय केलं ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं.

सुईचं भोक तरीही हवंच, पण कारण वेगळं. माती वाळताना आकसते. बंद पोकळीतली हवा आकसत नाही, म्हणून भिंतीवर ताण येतो आणि सांधा उघडतो. आतला ओलावाही त्या वाटेने निघतो. गंमत म्हणजे घडवत असताना हीच अडकलेली हवा मदत करते. आकार बंद केल्यावर लगेच भोक पाडू नका. आत हवा कोंडलेली असेपर्यंत भांडं फुग्यासारखं ताठ राहतं, थापीचा मार सोसतं. आकार पक्का झाला, माती चिवट झाली, मग भोक पाडा, शेपटीखाली किंवा तळाशी, आणि ते रबडीने बुजलं नाही ना ते पाहा.

वाळलंय की नाही हे गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे. आपल्याकडच्या दमट हवेत गाल धोका देतो, भांडं वरून सुकलेलं वाटतं. त्यामुळे पावसाळ्यात मी स्वतः कुठलंही पोकळ काम भट्टीत ८० ते ९० अंशांवर रात्रभर ठेवल्याशिवाय पुढे तापवत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका जुलैत, प्रदर्शनाची तारीख जवळ आली म्हणून मी ही रात्र वाचवली. दोन महिन्यांचं काम भट्टीतल्या शेल्फवर खडी होऊन पडलं, आणि शेजारची इतरांची चार भांडीही गेली. इतरांच्या भांड्यांचं दुःख आजही जास्त आहे.

प्रश्न: नेरूळ. गणपतीसाठी आणलेला शाडू उरला आहे. त्याची फुलदाणी करून भाजता येईल का?

उत्तर: शाडूची मूर्ती भाजायची नसते, विसर्जनात विरघळायची असते. त्यामुळे विकणाराही शाडू भट्टीचा विचार करून देत नाही. आधी चाचणी घ्या. अर्धा इंच जाड पट्टी थापा, तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर मोजा. रेघ १० ची ९ झाली तर आकसणं १० टक्के. पट्टी वाकडी झाली किंवा चिरली, तर त्या मातीत भाजलेल्या मातीची बारीक भरड, म्हणजे ग्रॉग, मिसळून पुन्हा बघा. ग्रॉग आधीच भाजलेला असल्याने तो आकसत नाही, आणि वाळताना ओलाव्याला वाट देतो.

विसर्जनानंतर गोळा केलेली माती भाजण्यासाठी घेऊ नका. रंगांचं काय होईल ते सांगता येत नाही, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा वाटाण्याएवढा कण जरी आला तरी भाजल्यावर काही दिवसांनी तो हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि भांड्याचा कपचा उडवतो.

प्रश्न: चार पायांचं भांडं केलं. चारही पाय सांध्याशी चिरले. ठाण्यातल्या पावसात हे करूच नये का?

उत्तर: जरूर करा. चार पायांचं, फुगीर पोटाचं भांडं महाराष्ट्राच्या मातीला नवीन नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केलं. तिथे एका घराच्या अंगणात असाच चार पायांचा मातीचा रांजण निघाला आणि त्यात बसलेल्या स्थितीत पुरलेला माणूस. काळ साधारण ३,००० वर्षांपूर्वीचा. ज्याने कुणी तो रांजण घडवला, त्यालाही पाय आणि पोट यांचा सांधा सांभाळावाच लागला असणार.

तुमचे पाय भरीव आहेत, चूक तिथे आहे. पोट दोन दिवसांत वाळलं आणि पाय पाच दिवस ओले राहिले, तर सांधा चिरणारच. पाय पोकळ करा, भिंत पोटाइतकीच जाड ठेवा आणि पोकळी पोटात उघडू द्या. जोडताना दोन्ही सारख्याच चिवट हव्यात. जोडल्यावर अख्खं भांडं दोन दिवस प्लास्टिकमध्ये बंद ठेवा म्हणजे ओलावा दोन्हीकडे सारखा पसरेल. मग फोमवर उलटं ठेवून वाळवा. भाजताना त्याच मातीच्या कच्च्या पाटीवर उभं करा. पाटी आणि भांडं बरोबरच आकसतात, पाय शेल्फवर घासून फाकत नाहीत.

प्रश्न: भाजलेल्या भांड्यात पाणी राहील का?

उत्तर: लाल मातीचं असेल तर झिरपेल, माठासारखंच. फुलं ठेवायची तर आत काचेची बरणी ठेवा. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला घट्ट भाजणारी माती १२०० अंशांच्या वर नेली, आतून ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप दिला, तर राहील.

प्रश्न: माझी भांडी एका बाजूला कललेली असतात. क्लासमध्ये म्हणतात, आधी सरळ करायला शीक. मला ती कललेलीच आवडतात.

उत्तर: मॅग्डालिन ओडुंडो यांची भांडी बघा. जन्म १९५० चा, नैरोबीचा, शिक्षण इंग्लंडमध्ये. १९७० च्या दशकात त्या नायजेरियात अबुजा इथल्या कार्यशाळेत गेल्या आणि लाडी क्वाली यांच्याकडून हाताने भांडी चढवायला शिकल्या. या लाडी क्वाली म्हणजे ज्यांचं चित्र नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर आहे त्या. ओडुंडोंच्या भांड्याची मान कलते, तोंड तिरकं उघडतं, पोटावर एखादा उंचवटा येतो, आणि तरी ते पडेल असं क्षणभरही वाटत नाही. ग्लेझ नाही, नुसतं घोटलेलं अंग. मोकळ्या हवेच्या भाजणीत ते केशरी होतं, हवा कोंडून पुन्हा भाजलं की काळं.

तुमच्या शिक्षकांचंही मला पटतं. कलणं ठरवून आलंय की हात तिकडे गेला म्हणून, हे तुम्हाला स्वतःला माहीत हवं. भांडं फिरवून आठ बाजूंनी फोटो काढा. आठही बाजूंनी ते तुमचं वाटलं तर कुणाचं ऐकू नका.

प्रश्न: ऐरोलीत फ्लॅटमध्ये भट्टी ठेवणं शक्य नाही. ठाण्यातल्या स्टुडिओत भाजायला नेते. भट्टीची आतली उंची ४० सेंमी आहे, माती १२ टक्के आकसते. मग ओलं भांडं ४४ सेंमीचं केलं तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. १२ टक्के हे भाजून झाल्यावरचं एकूण आकसणं. भट्टीत भांडं शिरतं ते नुसतं वाळलेलं, आणि तोवर ते त्याच्या निम्मंच, साधारण सहा टक्के आकसलेलं असतं. ४४ चं झालं ४१ च्या वर. शेल्फची जाडीही धरा. ओलं असताना ४० च्या आत ठेवा.

आणि नेण्याबद्दल. पूर्ण वाळलेलं कच्चं भांडं सगळ्यात ठिसूळ असतं. स्टुडिओ जागा देत असेल तर चिवट असतानाच न्या आणि तिथे वाळू द्या. वाळलेलंच न्यायचं असेल तर खोक्यात तळाशी आणि चारही बाजूंनी फोम भरा, वर मोकळं राहू द्या. कडेला धरून उचलू नका, एक हात तळाखाली हवा. रिक्षापेक्षा ट्रान्स-हार्बर लोकल बरी, स्पीड ब्रेकर नसतात. दुपारी बारा ते तीनमध्ये निघा, बसायला जागा मिळाली की खोकं मांडीवर घ्या.