सांगोल्याच्या मुरमाड डाळिंबबागेत बायोचार: कुठे टाकावा, कुठे टाकू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगोला तालुक्यात दोन एकर मुरमाड रानात डाळिंब आहे, शेजारच्या काळ्या रानात आपण तूर आणि रब्बी ज्वारी घेता, तुराट्या आणि बागेच्या छाटणीच्या फांद्या दरवर्षी बांधावर जाळल्या जातात, त्यांचा बायोचार करून दोन्ही रानांत टाकला तर जमीन सुधारेल का आणि एकरी किती टाकावा. माझे मत असे की डाळिंबाच्या रानात अवश्य टाकावा, पण थोडा, शेणखतात मुरवून आणि मुळांच्या कक्षेतच. काळ्या रानात सध्या टाकू नये.

काडीकचरा अपुऱ्या हवेत, साधारण ३५० ते ६०० अंश सेल्सियस तापमानाला भाजला की त्यातील वायू निघून जातात आणि असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेला कार्बनचा सांगाडा मागे राहतो; हाच बायोचार. आपल्याकडच्या उन्हात शेणखतातील बराचसा कर्ब एक-दोन हंगामांत उडून जातो. हा कर्ब मात्र कित्येक दशके जमिनीत टिकतो. त्याच्या छिद्रांत पाणी थांबते, पृष्ठभागावर अन्नद्रव्ये धरली जातात. परंतु त्याला खत समजू नये. भाजताना नत्राचा मोठा भाग निघून जातो. पालाश थोडाफार उरतो, तो मुख्यतः राखेतला असतो.

बायोचारविषयी जे भरघोस दावे वाचायला मिळतात, त्यांचे मूळ बहुतांशी ॲमेझॉन खोऱ्यातील, पूर्वी माणसांनी कोळसा मिसळून घडवलेल्या काळ्या मातीच्या अभ्यासात आणि आम्लधर्मी, पावसाने धुपलेल्या जमिनींवरील प्रयोगांत आहे. बायोचार बहुधा अल्कधर्मी असल्यामुळे तेथे तो चुन्यासारखे काम करतो. कोकणातल्या जांभ्या जमिनीत हा गुण उपयोगी पडेल. सोलापूर जिल्ह्यात मात्र बहुतेक जमिनींचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप) आधीच आठच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो आणि अनेक ठिकाणी मुक्त चुनाही भरपूर असतो. अशा जमिनीत स्फुरद अडकून पडतो, लोह आणि जस्ताची कमतरता पानांवर दिसू लागते. त्यात राखमिश्रित बायोचार भरमसाट टाकला तर ही अडचण वाढण्याचीच शक्यता अधिक. म्हणून माती तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. सामू, विद्युत वाहकता (क्षारांचे माप) आणि मुक्त चुना हे तीन आकडे हाती हवेत. सामू ८.५ च्या वर असेल आणि जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट, पाणी न मुरणारी) झालेली असेल, तर निचरा आणि जिप्सम हाच मार्ग आहे. त्याची जागा बायोचार घेऊ शकत नाही.

आपल्या काळ्या रानाला मी नको म्हणतो, त्याचे कारण वेगळे आहे. खोल काळ्या जमिनीत चिकणमातीच बहुधा ४० ते ६० टक्के असते. पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम ती स्वतःच उत्तम करते. तेथे खरी अडचण पाऊस वाहून जाण्याची आहे, आणि सोलापूरचे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र रब्बी ज्वारीसाठी मूलस्थानी जलसंधारणावर (पाऊस पडेल तेथेच मुरवण्यावर) पूर्वीपासून भर देत आले आहे, ते याचमुळे. तेथे बंदिस्त वाफ्यांवर केलेला खर्च अधिक फळ देईल. मुरमाड रानात उलट स्थिती आहे: ठिबकचे पाणी दोन तासांत मुळांखाली निघून जाते आणि त्याबरोबर विद्राव्य खतही जाते. बायोचारची छिद्रे उपयोगी पडतात ती येथे.

आता करण्याची पद्धत. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०० लिटरच्या लोखंडी पिंपाची सोपी भट्टी विकसित केली आहे; ती मिळाली नाही तरी तोंडाशी चार-पाच फूट रुंद, तळाशी निमुळता आणि अडीच-तीन फूट खोल खड्डा पुरतो. माल पूर्ण वाळलेला असावा. तळात जाळ पेटवून पातळ थर देत जावे. वरच्या काड्यांवर पांढुरकी राख धरू लागली की लगेच पुढचा थर द्यावा; वरची ज्वाला हवा खाऊन टाकते आणि खालचा निखारा राख न होता कोळसाच राहतो. धूर फार होत असेल तर थर जाड झाला किंवा माल ओला आहे, असे समजावे. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवावे. कूपनलिकेचे पाणी खारे असेल तर ते वापरू नये, कारण सगळा क्षार छिद्रांत बसेल. त्यापेक्षा मातीने हवाबंद झाकून दुसऱ्या दिवशीपर्यंत राखण ठेवावी. वारे सुटलेल्या दुपारी हे काम करू नये. चांगला माल हलका असतो, मोडताना खुळखुळतो आणि हाताला लागलेला काळा रंग नुसत्या पाण्याने निघतो. हात तेलकट किंवा चिकट राहिला तर भाजणे अर्धवट झाले आहे. तेल्या या जिवाणूजन्य रोगाने ग्रासलेल्या फांद्याही अशा जाळात निर्जंतुक होतात. मात्र त्या शेतात पडून न राहता छाटणीबरोबरच उचलल्या गेल्या पाहिजेत. बायोचार हा तेल्या किंवा मर रोगावरचा उपाय आहे, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाची पायरी मुरवण्याची आहे. कोरा बायोचार थेट मातीत गेला तर सुरुवातीला नत्र तोच धरून बसतो आणि झाड पिवळे पडते. गव्हाच्या दाण्याएवढा चुरा करून (पाणी शिंपडून आणि तोंडाला फडके बांधून, कारण ही धूळ फुप्फुसांना वाईट) तो गोठ्यात जनावरांखाली पसरावा. गोमूत्र शोषले जाते, उग्र वास कमी होतो, हवेत जाणारा नत्र वाचतो. नंतर दुप्पट शेणखतात मिसळून सावलीत, ओलसर ठेवून, महिनाभर ढीग मुरू द्यावा.

प्रमाणाचा हिशोब आपणच करून पाहा. प्रयोगांत हेक्टरी १० टन हे प्रमाण नेहमी दिसते, म्हणजे एकरी ४ टन. वाळलेल्या मालाच्या पाव भागाएवढाच बायोचार मिळतो, तेव्हा एका एकरासाठी किमान १६ टन काड्या लागतील. हे आपल्याला शक्य नाही आणि आवश्यकही नाही. साडेचार बाय तीन मीटरवर एकरी सुमारे ३०० झाडे बसतात. झाडाला २ किलो धरले तर ६०० किलो बायोचार, म्हणजे अडीच टनांच्या आसपास वाळलेला माल. बहराच्या वेळी शेणखत देताना ठिबकच्या तोटीखाली वीतभर खोल चर घेऊन तो मातीत मिसळावा आणि झाकावा. वर पसरलेला बायोचार वाऱ्याने उडतो आणि पहिल्या वळवाच्या पावसात वाहून जातो.

शेजाऱ्याच्या उसाचे पाचट मात्र यासाठी आणू नका. ते सरीत कुजण्यात आणि आच्छादन म्हणून राहण्यातच जमिनीचे हित आहे. भाजायचे ते लाकडी, सहज न कुजणारेच. साखर कारखान्याच्या बॉयलरची राखही काही जण बायोचार म्हणून देतात. ती बव्हंशी राख असते, सामू वाढवते, आपल्या जमिनीला नकोच. विकत घ्यायचाच झाल्यास वखारीत लाकडी कोळशाच्या पोत्यांखाली उरणारा चुरा पाहावा. दगडी कोळशाचा चुरा चालणार नाही.

पहिल्या वर्षी संपूर्ण बागेत टाकू नका. चार ओळींना मुरवलेला बायोचार द्या आणि लगतच्या चार ओळींना तेवढेच शेणखत बायोचारविना द्या. ही दुसरी अट पाळली नाही तर शेणखताचे श्रेय बायोचारला जाईल. ठिबक बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी दोन्हीकडची माती वीतभर खोलीवरून उकरून मुठीत दाबून पाहा, फळांचे वजन ओळीनुसार वेगळे नोंदवा, आणि दोन बहर झाल्यावर त्याच ओळींतील सामू पुन्हा तपासा. सामू वाढलेला दिसला तर उरलेल्या ओळींना देऊ नका. ओल टिकत असेल आणि सामू स्थिर असेल, तर दुसऱ्या एकराची तयारी त्या हंगामाच्या तुराट्यांपासून करा.