परतीची वाट आधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू कशिद्यात काढलेल्या तुळशी वृंदावनाचा फोटो मिळाला. पुढून सुरेख आहे. मागच्या बाजूचा फोटो पाठवायला लाजत होतीस, पण पाठवलास ते बरं केलंस, कारण दुखणं तिथेच दिसतं. तीन ठिकाणी दोऱ्याने नक्षीच्या एका फांदीवरून दुसरीवर उडी घेतली आहे आणि फिक्या कापडातून त्या काळ्या रेघा पुढे उमटल्या आहेत. हात बसत नाही की कापड चुकलं, की कशिद्यात सायकल काढायच्या नादात परंपरा बिघडवते आहेस, असं तू विचारतेस. तुझा हात चांगला आहे आणि कापडही चालेल. पहिला टाका घालताना दोऱ्याची परतीची वाट ठरलेली नव्हती, एवढंच झालं आहे.

कर्नाटकी कशिद्याचे टाके चार. गावंती म्हणजे दोनदा घातलेला धावदोरा: जाताना एक घर (कापडाच्या विणीतला एक चौकोन) पुढून, एक घर मागून; येताना राहिलेली घरं भरायची. मुरगी तीच, फक्त पायऱ्यापायऱ्यांनी चढते. हे दोन टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसायला हवेत, इथे मी सूट देत नाही. नेगी विणकामासारखी असते, सरळ धावदोऱ्याच्या ओळींची. पुढे दोरा तिथे मागे कापड, त्यामुळे मागे उलटा नमुना येतो आणि तो यायलाच हवा. मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यासारखी फुली. तिच्या मागे नीट रेघा आल्या की पुरे, तिच्यासाठी जीव टाकू नकोस.

आता वाट. आलेखाच्या कागदावर आकृती काढ आणि पेन्सिलीने प्रत्येक रेघेला दोन बाण दे, एक जाण्याचा, एक येण्याचा. फांदी लागली की आधी तिच्या टोकापर्यंत जा, तिथून उलट फिरून फाट्यावर ये, मग खोडावरून पुढे. फांदीवर जेवढे टाके जाताना, तेवढेच येताना, म्हणून सुई फाट्यावर परत आली की निघताना कापडाच्या ज्या बाजूला होती त्याच बाजूला असते आणि पुढून-मागून हा क्रम मोडत नाही. तू फांद्या ‘नंतर भरू’ म्हणून सोडल्यास. नंतर भरायला जायचं तर उडी मारावीच लागते.

बंद आकृतीत भलेभले फसतात. चौकोन घे, चार बाजू, चार टाके. एक फेरी पूर्ण करून त्याच दिशेने दुसरी सुरू केलीस, तर पुढचे टाके पुन्हा पुढेच पडतात आणि रिकामी घरं रिकामीच राहतात. टाके सम असले की असंच होणार. म्हणून फेरी जिथे संपली तिथूनच उलट फिरायचं. विषम टाक्यांच्या आकृतीत, म्हणजे दोन सरळ आणि एक तिरका असा त्रिकोण असेल तर त्याच दिशेने दुसरी फेरी जमते. पण उलट फिरणं दोन्हीकडे चालतं, तेव्हा तीच सवय लाव.

तुझ्या सायकलीचं चाक या हिशेबाने सांगते. चार सरळ बाजू दोन-दोन टाक्यांच्या, चार कोपरे एकेका तिरक्या टाक्याचे. कड झाली १२ टाक्यांची, चाकाची रुंदी चार घरं. चार आरे, प्रत्येकी दोन टाके. खालच्या बाजूच्या मध्यावर सुरू कर. दोन टाक्यांत केंद्रावर जा, तिथून उरलेले तीन आरे एकेक करून जाऊन-येऊन पूर्ण कर, मग पहिल्या आऱ्यावरून कडेला परत ये. आता कडेची पूर्ण फेरी आणि तिथूनच उलटी फेरी. एकूण २० रेघा, प्रत्येकीवरून दोनदा, म्हणजे ४० टाके. उडी एकही नाही. मला सायकल पारंपरिक वाटते का, हे विचारण्यापेक्षा हे करून बघ. गोपुर, रथ, पालखी, हत्ती हे नमुने बायकांनी आपल्या डोळ्यांसमोरचंच पाहून काढले. तू सायकल बघतेस तर सायकल काढ. परतीची वाट असेल तर तो कशिदाच आहे, आणि नसेल तर वृंदावन काढूनही नाही.

मागच्या बाजूचं एवढं काय, असं मला पुष्कळ जण ऐकवतात. इलकल (इरकल) साडीचा पदर खांद्यावरून सुटतो, वाऱ्यावर उलटतो, त्याची मागची बाजू लपवणार कुठे? युरोपात गावंतीच्या या टाक्याला चित्रकार होल्बाइनचं नाव आहे. हान्स होल्बाइनने १५३६-३७ च्या सुमारास रंगवलेल्या इंग्लंडच्या राणी जेन सीमूरच्या चित्रात मनगटाच्या झालरीवर काळ्या दोऱ्याचं असंच काम आहे, आणि मनगटाची झालरही दोन्हीकडून दिसते. मी हट्ट धरते तो उगीच नाही. खंत एवढीच, की शिकवताना कितीतरी काळ मी नमुना आधी दिला आणि वाट नंतर. ते उलटं होतं.

बाकीचं भराभर सांगते. इंचाला १४ घरं असलेल्या मॅटी कापडावर गावंतीला सहा पदरी दोऱ्यातले एक किंवा दोन पदर घे, मेंथीला दोन. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. दोरा ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब नको, कापडातून घासून घासून तो पिसारतो. गाठ मारायची नाही. सहा सेंटिमीटर शेपूट मोकळं सोड आणि परतताना मागच्या टाक्यांखालून ओवून टाक. परतीचा टाका आधीच्या दोऱ्याला भोसकू देऊ नकोस. सुई दर वेळी आधीच्या टाक्याच्या खालच्या अंगाने वर काढ आणि वरच्या अंगाने आत घाल, म्हणजे रेघ सरळ बसते. कधी वर, कधी खाली केलंस की ती करवतीसारखी दिसते, तुझ्या डाव्या खांबासारखी.

साडीवर थेट मोजायचं असेल तर आधी एका इंचातले उभे आणि आडवे धागे मोज. एकीकडे ६० आणि दुसरीकडे ५० निघाले, तर चौरस वृंदावन एका दिशेला १.२ पट ताणलं जाणार. अशा कापडावर कॅनव्हासची जाळी कच्च्या टाक्यांनी बसव. इथे टोकदार सुई लागते, बोथट सुई घट्ट विणीत शिरत नाही. पण ती जाळीच्या भोकातूनच जायला हवी, जाळीच्या धाग्यातून गेली की तो धागा नंतर निघत नाही. काम झालं की जाळी ओलसर कर, खळ मऊ पडेल, आणि चिमट्याने एकेक धागा ओढ, आधी एका दिशेचे सगळे, मग दुसऱ्या. त्याआधी लाल आणि काळा दोरा ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून रंग जातो का बघ.

वृंदावनाच्या त्या तीन फांद्या उसव, सगळं उसवू नकोस. सायकलीचा कागद बाण काढून मला पाठव. कापडाला तोवर हात लावू नकोस.

तुझी,
मावशी