झाडावर बसू की जमिनीवर?

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिनमधे मॅडिसनपासून तासाभरावर राहतो. ऑफिसमधला मित्र नोव्हेंबरच्या गन सीझनला (बंदुकीनं शिकार करता येते ते दिवस) त्याच्या फार्मवर हरणाच्या शिकारीला बोलावतोय, माझा हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन काढतोय. मित्र म्हणतो ग्राउंड ब्लाइंडमधे, म्हणजे जमिनीवरच्या लपायच्या तंबूत बस, दुकानवाला म्हणतो झाडाला बांधायचा ट्री स्टँडच घ्या. मी भारतात असताना बुद्धपौर्णिमेला ताडोबात प्राणीगणनेसाठी रात्रभर मचाणावर बसलोय, उंचीची भीती नाही, त्यामुळे माझा कल झाडाकडे आहे. वय ४१, एक गुडघा दुखतो. तुम्ही काय घेतलं असतं?

उत्तर : गुडघ्याचं सांगितलंस ते फार बरं केलंस. पहिल्या वर्षी ग्राउंड ब्लाइंड, माझं स्पष्ट मत.

ताडोबाचं मचाण आधी डोक्यातून काढ. ते पक्कं बांधलेलं असतं, खाली फळ्या, बाजूला आधार, सोबत दुसरा माणूस. इथला ट्री स्टँड म्हणजे झाडाला पट्ट्यांनी आवळलेली एक सीट आणि पाय टेकायला छोटीशी जाळी, पंधरा-वीस फुटांवर, आणि तू एकटा, अंगावर कपड्यांचे चार थर, पहाटेचा अंधार, शिडीच्या पायऱ्यांवर दंव. बसल्या जागेवरून माणसं कमी पडतात, चढता-उतरता जास्त पडतात, त्यातही शिडीवरून सीटवर पाय टाकतो ना तो क्षण सगळ्यात वाईट, आणि तिथेच गुडघा दगा देतो.

मी स्वतः पडलोय म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय. स्टँड दोन वर्षं झाडावर तसाच ठेवला होता, झाड वाढत जातं आणि पट्टा ताणत जातो, उन्हानं तो कुजतो पण वरून ठीकच दिसतो, मी पाय टाकला आणि एका बाजूचा पट्टा तुटला. हार्नेस (अंगावरचे सुरक्षेचे पट्टे) जमिनीपासूनच लाइफलाइनला, म्हणजे झाडावरून खाली सोडलेल्या दोराला अडकवलेला होता म्हणून दोन फूट खाली येऊन लटकलो आणि पायाला शिडी सापडली. वर पोचल्यावर हार्नेस अडकवू असं म्हणणारा असतो तर आज हे उत्तर लिहायला नसतो.

आता ब्लाइंडचं. लोक सीझनच्या आदल्या संध्याकाळी तंबू उभा करतात आणि मग हरीण आलंच नाही म्हणतात. अरे, त्याच्या रोजच्या वाटेवर अचानक एक काळा ठोकळा उभा राहिला तर ते बिचकणारच ना. दोन-तीन आठवडे आधी लाव, तिथलाच झाडपाला, मक्याची ताटं बाहेरून खोच म्हणजे तंबूच्या सरळ कडा उठून दिसत नाहीत. आत मागच्या खिडक्या बंदच ठेव, नाहीतर मागून उजेड येतो आणि तुझी आकृती हरणाला स्पष्ट दिसते. खालचा पाचोळा साफ करून माती उघडी कर, पाय हलला तरी आवाज नको, आणि खुर्ची न करकरणारी घे, स्वस्तातली घेऊन मी एक अख्खी सकाळ घालवली आहे.

पण ब्लाइंड असो की स्टँड, जागा ठरवणार वारा. आपल्या गावाकडे ज्वारी राखायला माळ्यावर बसायचे ना गोफण घेऊन, त्यांना पाखरं हाकलायची होती, वाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. इथे उलट आहे, हरणाला तुझा वास गेला की खेळ संपला. वारा वायव्येकडून असेल तर हरणांच्या वाटेच्या आग्नेयेला बस. ब्लाइंडमधे वास थोडा कोंडला जातो पण त्यावर भरवसा ठेवू नकोस.

झाडाचा एक खरा फायदा आहे तो लपवत नाही. वरून मारलेली गोळी जमिनीत शिरते. जमिनीवरून मारलेली आडवी जाते, चुकली तर मैलाच्या पुढेही जाऊ शकते. म्हणून ब्लाइंड अशा ठिकाणी लाव की समोर टेकाड किंवा चढ असेल, आणि मित्राकडून आधीच समजून घे की घर, गोठा, रस्ता, बाकीचे शिकारी कुठल्या बाजूला आहेत, त्या बाजूच्या खिडक्या उघडायच्याच नाहीत.

केशरी कपड्यांचा नियम ब्लाइंडमधे बसलास तरी सुटत नाही. कमरेच्या वर निम्मं तरी झगझगीत केशरी किंवा गुलाबी हवं, टोपी घातलीस तर तीही. सरकारी जमिनीवर ब्लाइंडवर चारी बाजूंनी दिसेल असं १४४ चौरस इंच केशरी लावावं लागतं, मित्राच्या फार्मवरही लाव, कारण तंबूत माणूस आहे हे बाहेरच्याला कळत नाही. हरणाला आपल्यासारखा केशरी दिसत नाही, त्याची काळजी नको.

पुढच्या वर्षी गुडघा बरा असेल तर मित्राबरोबर दिवसाउजेडी लॅडर स्टँड (शिडीलाच सीट जोडलेली असते तो) लाव, दोघांनी मिळूनच. रिकामी रायफल दोरीनं वर ओढायची, खांद्याला लावून चढायचं नाही.

प्रश्न : (त्याच पत्रात, त्याच्या बायकोकडून) काका, नोव्हेंबरची थंडी आहे, हा ब्लाइंडमधे गॅसचा हीटर लावणार म्हणतोय. चालेल का?

उत्तर : वहिनी, मला विचाराल तर नको. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणसाला झोप येतेय असंच वाटतं. लावायचाच असेल तर बंद जागेसाठी बनवलेला, ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होणारा घ्या आणि दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवायला सांगा. त्यापेक्षा लोकरीचे मोजे, बुटात टाकायच्या गरम पुड्या आणि थर्मासमधे चहा द्या. आणि तो नेमका कुठे बसणार, किती वाजता परत येणार हे कागदावर लिहून घेऊन फ्रिजवर लावा, त्या वेळेच्या तासाभरात फोन आला नाही तर मित्राला लगेच फोन करा.