आखाड्यावरचं जावळ, ३०० माणसं आणि पॅकेजवाल्याची यादी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सेलूजवळच्या गावी, शेतातल्या आखाड्यावर (म्हणजे शेतातल्या घर-गोठ्यापाशी) मुलाचं जावळ आणि पहिला वाढदिवस एकाच दिवशी. मे महिन्याचा दुसरा आठवडा, संध्याकाळची वेळ, ३०० माणसं, त्यात ६०-७० लेकरं. तुम्ही पुण्यात बसून फोनवर सगळं ठरवताय आणि पॅकेजवाल्यानं यादी धाडली आहे: डीजे, लेझर, जंपिंग (लेकरांनी आत उड्या मारायचा हवा भरलेला मोठा फुगा), ३६० फोटो बूथ, रेन डान्स, गॅसचे फुगे, पॉपकॉर्न, बुढ्ढी के बाल. यातलं काय घ्यावं आणि काय गाळावं, हा तुमचा प्रश्न. परभणी-जालना भागात मी १८ वर्षं मंडप, साउंड आणि बिछायतीचा धंदा केला, आता पुतण्या बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅकेजवाल्याला भाव नंतर विचारा. आधी एवढंच विचारा, की यादीतल्या प्रत्येक वस्तूपाशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोण उभं राहणार? आठ वस्तू आणि दोन पोरं असं उत्तर आलं तर त्यातल्या दोनच वस्तू घ्या. हे मी का सांगतो, ते जंपिंगपासून सुरू करतो, कारण लेकरांना सगळ्यात जास्त आवडणारी वस्तू तीच आणि आपल्याकडे सगळ्यात हलगर्जीपणानं लावली जाणारीही तीच.

११ वर्षांपूर्वी जिंतूर रोडला एका वाढदिवसाला माझं साउंड होतं, जंपिंग दुसऱ्याचं होतं. एप्रिल होता, रान काळं. काळ्या मातीला तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. त्या मातीत फूटभर खुंट्या ठोकून दोऱ्या बांधलेल्या. पाच वाजता बांधावरून वावटळ आली. जंपिंगची एक बाजू उचलली आणि त्या खुंट्या मुळा उपटावा तशा वर आल्या. आत सात-आठ लेकरं. एका बापानं दोरी धरली, त्याच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली, पण त्यानं सोडली नाही म्हणून ते उलटलं नाही. एका पोरीचं मनगट मोडलं. जंपिंगवर ठेवलेला पोरगा त्या वेळी पंगतीत जेवायला बसला होता. त्याला कुणी जेवायलाच विचारलं नव्हतं, म्हणून तो स्वतःच जाऊन बसला होता. त्या पोरावर मला राग धरता आला नाही. दुसरा माणूस न ठेवणारा मालक आणि त्याला न विचारणारे आपण, दोघांचं चुकलं होतं.

वाऱ्यानं काय होतं हे साऱ्या जगानं पाहिलंय. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात एका शाळेत असंच जंपिंग वाऱ्यानं उचललं आणि सहा मुलं गेली. युरोपातल्या नियमाप्रमाणे ताशी ३८ किलोमीटरच्या वर वारा असेल तर लेकरांना आत सोडायचंच नाही. आखाड्यावर वारा मोजायचं यंत्र कुठून आणणार? तर खूण सांगतो. कडुलिंबाची लहान झाडं नुसत्या शेंड्यानं न हलता अख्खी डुलायला लागली, की लेकरं खाली उतरवायची, हवा काढायची आणि वळीव निघून जाईस्तोवर पुन्हा भरायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे वळीव नेमका दुपारनंतर, चार ते सातच्या मध्ये येतो, म्हणजे तुमच्या कार्यक्रमाच्याच वेळेला. हा निर्णय ऐनवेळी भावकीत चर्चा करून होत नाही. कोण थांबवणार त्या एका माणसाचं नाव आधी ठरवा आणि त्याचा शब्द शेवटचा, हे पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

काळ्या रानात खुंटीवर भरवसा नको. आखाड्यापुढं मुरूम टाकलेलं कडक अंगण असेल तर तिथं लावा आणि हातभर लांबीच्या लोखंडी पहारी तिरप्या ठोकून घ्या. पहारी धरत नसतील तर वजन लावावं लागतं. एकेका दोरीला १६० किलोच्या आसपास वजन हवं, म्हणजे वाळूनं गच्च भरलेल्या ५० किलोच्या तीन-चार गोण्या एकत्र बांधून. दोऱ्या किमान सहा ठिकाणी. पॅकेजवाले दोन गोण्या टाकून मोकळे होतात, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाळू आधीच आणून ठेवा. वर तारा नकोत, झाडाची फांदी नको, चारी बाजूंनी पाच-सहा फूट मोकळी जागा हवी. पुढच्या बाजूला जुन्या गाद्या अंथरा. दुपारचं ऊन खाल्लेलं ते प्लास्टिक तव्यासारखं तापतं, म्हणून आपला उलटा हात टेकवून बघितल्याशिवाय लेकरू चढवू नका. १५ बाय १५ फुटांच्या जंपिंगवर मी एका वेळी आठच सोडायचो. चार वर्षांच्या आतले वेगळे आणि मोठे वेगळे, कारण बहुतेक मार एकमेकांच्या अंगावर पडून लागतो.

आता विजेचं. शिवारातल्या लायनीला थ्री फेज ठराविक तासच असते, त्यामुळे कार्यक्रम तिच्या भरवशावर ठेवायचा नाही, आणि खांबावर आकडा तर कुणी कितीही गळ घातली तरी टाकू द्यायचा नाही. तो गुन्हा आहेच, शिवाय ओल्या गवतात लेकरं अनवाणी फिरतात. हिशोब सरळ आहे. जंपिंगच्या ब्लोअरला, म्हणजे हवा भरणाऱ्या पंख्याला, दीड एचपी, म्हणजे साधारण १.१ किलोवॅट, साउंडला दोन-तीन किलोवॅट, सहा मोठे कूलर धरले तर तीनेक, पॉपकॉर्न आणि बुढ्ढी के बालच्या मशिनी मिळून अडीच, वर लाईट. बेरीज दहा-अकराच्या घरात जाते. १५ केव्हीएच्या जनरेटरमधून १२ किलोवॅट मिळतात, त्यामुळे तोच घ्या. ५ केव्हीएवर "चालतंय की" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ब्लोअरची वायर स्वतंत्र काढा, बोर्डाला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, जनरेटरची अर्थिंग जमिनीत घालून तिथं दोन बादल्या पाणी ओता. वीज गेली की जंपिंगची हवा जायला लागते. तेव्हा तिथल्या माणसानं आधी तोंडाशी उभं राहून लेकरं बाहेर घ्यायची आणि मगच जनरेटरकडं पळायचं. कडब्याची गंजी जनरेटरपासून लांब हवी. सायलेन्सरमधून ठिणगी उडते आणि मे महिन्यातला कडबा एका ठिणगीची वाट बघत असतो. केक कापताना उडवतात ते कोल्ड फायरचे फवारेही याच कारणानं आखाड्यावर नको.

गॅसचे फुगे पूर्णच काढून टाका. फुगेवाले बऱ्याचदा हीलियमच्या नावाखाली हायड्रोजन भरतात, तो पेटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या लातुरात फुगे भरायच्या टाकीचा स्फोट होऊन फुगेवाल्याचा जीव गेला आणि भोवती जमलेली लेकरं जखमी झाली. टाकीभोवती लेकरं जमतातच, म्हणून टाकीच आत येऊ द्यायची नाही. पंपाच्या हवेच्या फुग्यांची कमान तेवढीच सुंदर दिसते. लेझरही नको. २०२३ च्या गणेशोत्सवात लेझरनं डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि तुमच्या घरचं वर्षाचं बाळ त्या प्रकाशाकडं टक लावून बघणार. साधे एलईडी पार लाईट मंडपाला पुरतात.

रेन डान्सबद्दल मनापासून सांगतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी मी रेन डान्सची एकही ऑर्डर घेतली नाही आणि पुढं कधीच घेतली नाही. ज्या शिवारात मे महिन्यात बायका हंडा घेऊन फिरतात तिथं टँकर उधळलेला गावाच्या डोळ्याला लागतो. तेवढ्या पैशात चार जंबो कूलर आणि बर्फगोळ्याची गाडी येते, म्हातारी माणसं दुवा देतील. गोळ्याचा बर्फ मात्र पिण्याच्या पाण्याचाच, हे आधी विचारा.

डीजेची भिंत ३०० माणसांना लागत नाही. दोन टॉप आणि दोन बेस स्पीकर, एक मिक्सर, दोन कॉर्डलेस माईक आणि माईकचे जास्तीचे सेल, एवढं भरपूर आहे. गाणी पेन ड्राईव्हवर भरून द्या, आखाड्यावर रेंज दगा देते. स्पीकर लावायला पोलीस ठाण्याची परवानगी काढा, दोन आठवडे आधी अर्ज द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. सणासुदीला सरकार वर्षातले १५ दिवसांपर्यंत १२ वाजेपर्यंत मुभा देतं, पण घरचा वाढदिवस त्यात बसत नाही. म्हणून साडेनऊला शेवटचं गाणं असं साउंडवाल्याला आधीच सांगा.

३६० फोटो बूथ मी गाळीन. त्याचा कॅमेरा लावलेला, माणसाभोवती फिरणारा दांडा आणि आपल्या बायकांचे पदर यांचं जमत नाही, त्यावर फिरणारी दहा-बारा पोरंच असतात आणि बाकी गाव उभं राहून बघतं. त्याऐवजी बैलगाडी धुऊन-पुसून, मागं कडब्याच्या पेंढ्या आणि झेंडूच्या माळा लावून उभी करा. एक चांगला फोटोग्राफर तिथं दोन तास बसवा, आजी-आजोबांपासून सगळे येतील. लहानपणापासूनच्या फोटोंची फीत पडद्यावर दाखवायची असेल तर लक्षात ठेवा, मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसात-सातला मावळतो. साडेसातच्या आत प्रोजेक्टरवर काही दिसत नाही.

जावळ आहे म्हणजे घरात गोंधळाची पद्धत असेलच. असेल तर डीजेचे पैसे कमी करून गोंधळ्यांचं मानधन वाढवा असं मी म्हणेन. संबळ सुरू झाली की जी माणसं मंडपाच्या कडेला पाय पसरून बसलेली असतात ती सरसावून बसतात, हे मी साउंडच्या टेबलामागून कित्येकदा पाहिलंय. दोन माईक पुरतात, एक गाणाऱ्याला आणि एक संबळीपासून हातभर लांब. डीजे आणि गोंधळ एकामागोमाग ठेवू नका, मध्ये पंगत घ्या. कलाकारांना पहिल्या पंगतीला बसवा. लेकरांसाठी तासभराचा जादूगार किंवा गावाकडचा बहुरूपी आणला तर जंपिंगवरची गर्दी आपोआप निम्मी होते.

पॅकेजमध्ये कधीच नसतो तो एक माणूस तुम्ही भाड्यानं ठेवा. आखाडा म्हटलं की विहीर आली आणि आता जागोजागी शेततळं आलं. शेततळ्याच्या काठाला प्लास्टिकचा कागद असतो, त्यावरून घसरलेलं लेकरू तर सोडाच, पोहणारा माणूसही सहजी वर येत नाही. विहिरीला आणि तळ्याला जाळी किंवा काटेरी फांद्यांचं कुंपण घाला, तळ्यात दोर आणि हवा भरलेली ट्यूब टाकून ठेवा. तिथं पगारी, न पिणारा, गावातला पोहता येणारा माणूस कार्यक्रम संपेपर्यंत बसवा आणि त्याचं ताट तिथंच पाठवा. लेकरांचं सगळं, म्हणजे जंपिंग, पॉपकॉर्न, गोळा, जादूगार, विहिरीच्या विरुद्ध बाजूला मांडा.

तारखेचं बघा. मे म्हणजे लग्नसराई, दाट तिथीला एकच जंपिंग दिवसात तीन गावं फिरतं आणि तुमच्याकडं सहाच्या ऐवजी आठला पोचतं. पंचांगात लग्नाची तिथ नसलेला दिवस धरला तर भावही उतरतो आणि माणसंही ताजी मिळतात. पॅकेजवाल्याला स्पष्ट विचारा, "त्या दिवशी तुमच्या आणखी किती ऑर्डरी आहेत?" इसार चौथ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका, उरलेले कार्यक्रम संपल्यावर, माल गाडीत भरायच्या आधी. आणि सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. मी लोकांकडून असं लिहून घ्यायचो: "माल दुपारी २ ला पोच, ४ ला चालू करून दाखवणार. जंपिंगवर दोन माणसं, आळीपाळीनं जेवणार. डिझेल आणि गाडीभाडं यातच. वारा-पाऊस आला तर जंपिंग बंद, त्याचे अर्धे पैसे. फाटलं-तुटलं तर काय भरायचं ते आधी सांगणार." यातल्या एखाद्या ओळीला जो आढेवेढे घेतो त्याला सोडून द्या. सेलू, परतूर, मानवत, कुठंही दुसरा मिळतो, आणि जवळचा असला तर बिघाड झाल्यावर अर्ध्या तासात येतो.

एवढं गाळून तुमच्याकडं राहतं ते: छोटं साउंड, जंपिंग, कूलर, गोळा आणि पॉपकॉर्न, जादूगार, गोंधळ, १५ केव्हीएचा जनरेटर आणि विहिरीवरचा माणूस. आखाड्याचे चारी बाजूंचे फोटो इथं टाका. त्यात विहीर, तळं, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), तारा आणि गंजी कुठं आहे ते दिसू द्या, आणि संध्याकाळी वारा कुठून येतो ते गावातल्या कुणाला तरी विचारून ठेवा. कुठं काय मांडायचं ते मी काढून देतो.