आधी रेग्युलेटर, पंखा नको

प्रश्न : पहाटे स्वयंपाकघरात गॅसचा वास आला म्हणून मी एक्झॉस्ट फॅन लावला, तर सासूबाई ओरडल्या. माझं काय चुकलं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सासूबाई बरोबर होत्या, ताई. बटणाच्या ठिणगीनंही भडका उडतो. लागलेला विजेचा दिवासुद्धा बंद करू नये. आधी रेग्युलेटर बंद, मग दारं-खिडक्या सताड उघड्या. हा गॅस हवेपेक्षा जड, ओट्याखाली साचून राहतो. तरीही वास थांबला नाही, तर बाहेर पडा आणि अंगणातून गॅसगळतीच्या १९०६ या हेल्पलाइनला फोन लावा.

गळती बरेचदा नळीतच सापडते. मी साबणाचा फेस लावतो. बुडबुडा फुगला की नळी गेली. काडी ओढून बघणारेही भेटलेत, त्यांना लांबूनच नमस्कार! नळीवरची तारीख बघा. ५ वर्षं उलटली असतील तर बदलाच.