कोर्दोबा (स्पेन) : सेव्हिलहून एका दिवसात पाहून परतावं की एक रात्र राहावं?

राहा! सेव्हिलहून वेगवान गाडी पाऊण तासात पोचवते, म्हणून बरेच जण सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात. आम्ही दोघी बहिणी मे महिन्यात तिथे दोन रात्री राहिलो आणि निघताना दोघींचाही पाय निघेना.

मेस्कीता, म्हणजे जुनी मशीद, जी 1236 पासून ख्रिस्ती प्रार्थनास्थळ आहे, सकाळी दार उघडताच गाठा. आत शिरताच बहिणीने माझा दंडच धरला. जिकडे बघावं तिकडे खांब, साडेआठशेहून जास्त! त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, त्याही एकावर एक अशा दोन. आठव्या शतकात इथला मुस्लिम राजा पहिला अब्द अल-रहमान याने बांधकाम काढलं, तेव्हा बरेचसे खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर इथे राज्य केलेले लोक) इमारतींमधून आणले होते. ते उंचीला कमी पडले, म्हणून कमानीवर कमान चढवून छत वर नेलं. लाल पट्टे विटांचे, फिके दगडाचे. शेजारशेजारचे दोन खांब अगदी सारखे सापडतात का, हे शोधण्यात आमचा तास गेला. मधोमध सोळाव्या शतकात उभारलेलं कॅथेड्रल आहे. सुंदर आहे, पण मला खुपलं. दाट राईतून चालताना अचानक लग्नाचा मांडव लागावा तसं वाटलं.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर घरांचे चौक, तिथले 'पातिओ', बघायला मिळतील. एरवी खाजगी असलेली कितीतरी घरं तेव्हा सगळ्यांसाठी उघडतात. चुना लावलेल्या भिंतीवर छपरापर्यंत कुंड्या टांगलेल्या! वरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला डबा बांधतात. एका आजींनी ती काठी माझ्या हातात दिली. भाषा एकमेकींची कळत नव्हती, तरी जिरेनियमला पाणी किती घालायचं ते त्यांनी नीट समजावलं.

खायला 'बेरेन्हेनास कोन मिएल' मागवाच. वांग्याची कुरकुरीत कापं आणि वरून, अहो, चक्क उसाची काकवी! (काही ठिकाणी साधा मध घालतात, पण काकवीवालीच घ्या.) आईला फोटो पाठवला तर तिचा पहिला प्रश्न, "भाकरी कुठाय?" टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं दाट गार 'साल्मोरेखो'ही छान, फक्त त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं घालतात. शाकाहारी असाल तर 'सिन हामोन, सिन उएवो' म्हणा.

जुलै-ऑगस्ट टाळा, पारा चाळिशी सहज ओलांडतो. बाकी दुपारी खोलीवर झोपा आणि ऊन उतरलं की रोमन पुलावरून ग्वादलकिविर नदीच्या पलीकडच्या काठावर जा. तिथून मागे वळून मेस्कीतेकडे बघा, दिवे लागेपर्यंत. आम्हाला जेवायला दहा वाजले, पण तिथे तीच जेवायची वेळ.